रोह्याचें रान आणि त्याचे जाणते

पहिले दोन पाऊस पडून जमीन ओली झाली, कीं रोह्याच्या बाजारांत शेवळें येतात. डोंगरावरच्या वाड्यांतून कातकरी बायका पहांटे निघतात आणि ऊन चढण्याच्या आंत रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसतात. टोपलींत वीतभर लांबीच्या, जांभळट तपकिरी रंगाच्या, टोंकाशीं गुंडाळलेल्या कळ्यांच्या जुड्या असतात. शेजारीं पानावर हिरव्या बोरांएवढ्या आंबट फळांचा लहानसा वांटा असतो. हीं काकडें. शेवळांबरोबर काकडें घेतल्यावांचून जाणतें गिऱ्हाईक उठत नाहीं. कारण नुसतीं शेवळें शिजवून खाल्लीं तर घशाला अशी खाज सुटते कीं जेवणावरची वासना उडावी. शेवळाच्या अंगांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांचा हा प्रताप. काकडाच्या आंबटानें ती खाज मरते. आमच्याकडील कायस्थ प्रभूंच्या घरांत ह्या भाजीला मोठा मान आहे, आणि ती करणें हें सुगरणपणाचें एक परिमाण समजलें जातें.

मी मूळचा रोह्याचा. अध्यापनाच्या निमित्तानें जवळजवळ तीस वर्षें बाहेरगांवीं काढलीं, तरी जून महिन्यांत घरीं येण्याचा नेम सहसा चुकविला नाहीं. तीन वर्षांपूर्वीं असाच एका टोपलीपुढें उभा असतां मीं सहज विचारलें, "बाई, हीं काकडें कोणत्या झाडाचीं?" त्या बाईनें माझ्याकडे नीट पाहिलें आणि उत्तर दिलें, "काकडाचीं, काका." शेजारच्या टोपलीवाल्या हंसल्या. हंसण्यासारखेंच होतें तें. आंबा कोणत्या झाडाचा, असें विचारल्यासारखाच तो प्रश्न होता. पन्नाशी उलटलेला, दोन पदव्या मिरविणारा मी मनुष्य ज्या फळावर लहानपणापासून वाढलों त्याचें झाड ओळखीत नव्हतों. आणि ज्या बाईला अक्षर ओळखतां येत नव्हतें तिला तें पान, साल, फूल, बहराचा काळ आणि शेवळाच्या खाजेवरचा गुण ह्यांसह ठाऊक होतें. ही विभागणी झाली कशी, आणि केव्हां, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागें लागला. त्याचा जो मागोवा मला घेतां आला तो येथें मांडीत आहें.

रोहें हें कुंडलिका नदीच्या कांठीं, खाडी संपून डोंगर सुरू होतो अशा सांध्यावर वसलेलें गांव आहे. खालच्या अंगाला तिवरांचीं बेटें, वर भाताचीं खाचरें, आणि खाचरांच्या वर ऐन, किंजळ, धावडा, खैर, कुंभा, कुडा, पळस ह्यांचें रान. ओढ्यांच्या कडेनें ताम्हण. वैशाखांत त्याला जांभळा बहर येतो, आणि महाराष्ट्रानें त्यालाच आपलें राज्यपुष्प मानलें आहे. पश्चिमेकडे मुरूडच्या बाजूस फणसाडचें दाट जंगल आहे. तें पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान होतें. १९८६ सालीं त्याचें अभयारण्य झालें.

ह्या किनारपट्टीवरील झाडांविषयीं राज्यकर्त्याच्या दृष्टीनें लिहिलेला सर्वांत बोलका मराठी मजकूर म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. १७१५ च्या सुमारास तें लिहिलें गेलें. हल्लीं त्यांतील झाडांविषयींचा उतारा शिवाजीमहाराजांचें पत्र म्हणून चौकटींत घालून भिंतीवर टांगलेला आढळतो. पण तें महाराजांच्या हाताखालीं तयार झालेल्या मुत्सद्द्यानें, महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनीं लिहिलेलें राजनीतीचें पुस्तक आहे. त्यांतला विषय आरमाराचा. गलबतांस साग वगैरे लांकूड पाहिजे, तें सरकारच्या रानांतून परवानगीनें तोडावें, कमी पडेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा आणि फणस हींही आरमाराच्या उपयोगाचीं झाडें. पण त्यांना हात लावूं नये, कारण तीं वर्ष दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. असा त्याचा आशय आहे. अमात्यांना वनस्पतिशास्त्राशीं कर्तव्य नव्हतें, आणि रयतेविषयींचा हा कळवळा राज्याच्या हिताशीं बांधलेला होता हेंही खरें. तरी झाडाला धनी असतो, आणि तो धनी म्हणजे तें वाढविणारा, एवढी जाणीव त्या लेखनांत आहे. ह्याच किनाऱ्यावर त्या काळीं कान्होजी आंग्र्यांचें आरमार फिरत होतें, म्हणजे सागाच्या प्रत्येक सरळ सोटावर सरकारची नजर असणारच. अशा काळांत हा विवेक सुचला, हें त्याचें मोल.

वनस्पतींचीं पुस्तकें मात्र परक्यांनीं लिहिलीं. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड ह्याच्या 'हॉर्टस मलबारिकस' ह्या ग्रंथाचे बारा भाग १६७८ ते १६९३ ह्या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापले गेले. मलबारच्या झाडांचा तो ग्रंथ. पण आपला संबंध त्यास दोन प्रकारें येतो. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व आपु भट हे तीन कोंकणी ब्राह्मण ह्यांनीं ऱ्हीडला वनस्पतींचीं नांवें व गुण सांगितले. आणि ऱ्हीडनें त्यांचीं प्रमाणपत्रें त्यांच्याच लिपींत पहिल्या भागांत छापलीं. कोंकणी पंडितांचा मजकूर नागरी अक्षरांत आहे. साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या एका युरोपीय ग्रंथांत आपल्या पूर्वजांचीं नांवें माहितगार म्हणून मानानें छापलेलीं पाहिलीं म्हणजे बरें वाटतें. दुसरा संबंध गारंबीचा. फणसाडच्या रानांत झाडांवरून झाडांवर जाणारी, मांडीएवढ्या जाड खोडाची ही प्रचंड वेल, हातभराहून लांब शेंगांची. तिच्या शास्त्रीय नांवाचा उत्तरार्ध ह्या ऱ्हीडच्या नांवावरून पडलेला आहे.

मुंबई इलाख्यांत हें काम दीडशें वर्षांनीं सुरू झालें. मुंबईच्या टपालखात्यांतील जॉन ग्रॅहॅम नांवाच्या अधिकाऱ्यानें फावल्या वेळांत मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. ती छापून होण्यापूर्वींच १८३९ सालीं तो खंडाळ्यास वारला, आणि मित्रानें ती पुरी केली. पुढें १८६१ सालीं डॅलझेल व गिब्सन ह्यांचा 'बाँबे फ्लोरा' निघाला. ह्या ग्रंथाच्या मांडणींतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुख्य भागांत केवळ ह्या देशींच्या मूळच्या वनस्पती आहेत. बाहेरून आलेल्या व येथें रुळलेल्या वनस्पतींस शेवटीं वेगळी पुरवणी दिली आहे. देशी झाड कोणतें आणि पाहुणें कोणतें, हा भेद इलाख्यापुरता असा छापील पानांवर आला. मिरची, काजू, सीताफळ, अननस हीं सारीं आपण पिढ्यान् पिढ्या घरचीं मानीत आलों. तीं सर्व अमेरिका खंडांतून, पोर्तुगीज येथें आल्यानंतर, समुद्रमार्गें आलेलीं. मिरचीवांचून कोंकणांतला स्वयंपाक कल्पितां येत नाहीं, पण आज्ञापत्रकर्त्या अमात्यांच्या खापरपणज्याला ती बहुधा ठाऊक नसेल.

अलेक्झांडर गिब्सन हा व्यवसायानें शस्त्रवैद्य. पुण्याजवळ दापुरीची सरकारी वनस्पतिबाग त्याच्या ताब्यांत होती. १८४७ सालीं मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. डोंगर उघडे पडल्यानें कोंकणांतील खाड्या गाळानें भरत चालल्या आहेत, हें सरकारच्या कानीं घालणारांत तो प्रमुख होता. त्याची ही चिंता खोटी नव्हती. रोह्याची खाडी पाहणारास ती आजही पटेल. पण ज्या हातानें रानांतील झाडांचीं मराठी नांवें विचारून पुस्तकांत उतरलीं, त्याच हातानें तें रान, नांवें सांगणारांस बंद करण्याचा प्रारंभ केला, हाही इतिहास आहे. आणि ऱ्हीडच्या ग्रंथांतील पंडितांप्रमाणें ह्या सांगणारांपैकीं कोणाचें प्रमाणपत्र पुस्तकाच्या आरंभीं छापलेलें नाहीं.

१८७८ सालीं हिंदुस्थानचा वनकायदा झाला आणि राखीव रानाच्या हद्दी पक्क्या ठरूं लागल्या. ह्याचा पहिला तडाखा आमच्याकडे बसला तो भातशेतीला. घाटावरच्या वाचकांस हें चमत्कारिक वाटेल, म्हणून राब म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत भाताचें रोप ज्या तुकड्यांत वाढवावयाचें तो तुकडा उन्हाळ्यांत भाजून काढतात. आधीं शेण पसरावयाचें, त्यावर ऐन-किंजळासारख्या झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, म्हणजे टहाळ, मग पालापाचोळा व गवत, आणि तें उडूं नये म्हणून वर मातीचा थर. पावसापूर्वीं हा थर पेटवून देतात. तण मरतें, किडीचा नाश होतो, राख खताच्या कामीं येते, आणि रोप जोमानें उठतें. ह्याचा अर्थ असा कीं खाचराच्या मागें रान असल्यावांचून कोंकणांतला शेतकरी भात लावूं शकत नव्हता. ऐनाचें झाड पाहिलें तर फांद्या पुन्हां पुन्हां छाटल्यानें तें खांबासारखें सरळ आणि शेंड्याला झुबकेदार झालेलें दिसे. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीला तें झाड विद्रूप. शेतकऱ्याच्या दृष्टीला तें पुढच्या वर्षाचें रोप.

तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं सरकारला ह्या दोन जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठीं एक आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ त आला. राब हा त्यांतला एक मुख्य विषय. तरी शेतकऱ्याला वकील मिळाला, सभा मिळाल्या, वर्तमानपत्रें मिळालीं. कातकऱ्याला ह्यांतलें कांहींच मिळालें नाहीं.

कातकरी ह्या नांवांतच त्याचा धंदा आहे. कात करणारा तो कातकरी. खैराच्या झाडाचा तांबडा गाभा तासून त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळावयाच्या, तो काढा आटवून घट्ट करावयाचा, आणि वड्या पाडून वाळवावयाच्या, ही कात करण्याची रीत. विड्यांतला कात हा, त्याशिवाय रंगाला व कातडें कमावण्यालाही तो लागे. हंगामांत सारीं कुटुंबेंच रानांत मुक्कामाला जात. कामाला आरंभ करण्यापूर्वीं एक खैर निवडून त्याला शेंदूर लावीत, नारळ देत आणि मगच कुऱ्हाड चालवीत, असें जुन्या सरकारी गॅझेटियरांत वर्णन आहे. ह्या विधींत मला श्रद्धेइतकाच हिशेबही दिसतो. ज्याच्या गाभ्यावर आपलें पोट आहे त्याची वाढ किती, गाभा कोणत्या वयांत भरतो, कोणतें झाड राखावयाचें, हें ठाऊक असल्यावांचून असा धंदा पिढ्यान् पिढ्या टिकत नाहीं. वनखात्याच्या निर्बंधांखालीं हा धंदा मोडला. खैर राखीव झाला आणि कातकरी नांवाचाच उरला. पुढें तो ठेकेदारांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबला, म्हणजे जें रान राखावयाचें म्हणून त्याला बाहेर काढलें त्याच रानाचा मजुरीवर कोळसा करणें त्याच्या नशिबीं आलें. त्यानंतर वीटभट्ट्या आल्या. पावसाळा सरला कीं उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जातें तें वैशाखांत परततें. खैर कोणता, हें सांगूं शकणारा माणूस वर्षांतले सहा-सात महिने झाड नसलेल्या माळावर विटा थापतो.

२५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळ चिरनेर येथें अक्कादेवीच्या माळावर आसपासच्या गांवांतील लोक कोयते घेऊन जंगल सत्याग्रहास जमले, तेव्हां पोलिसांनीं गोळीबार केला. आठ सत्याग्रही मेले. त्याच गोळीबारांत मामलेदार जोशीही बळी पडले. आठांपैकीं एकाचें नांव नाग्या महादू कातकरी. मिठाच्या सत्याग्रहाचीं वर्णनें आपल्या शालेय पुस्तकांत विस्तारानें येतात. चिरनेरचा उल्लेख आलाच तर ओळ-दोन ओळींचा. मला तर असें वाटतें कीं, मिठाचा कर हा त्या लढ्यांत निवडलेला विषय होता, आणि कोयता हा लोकांनीं आपण होऊन उचललेला होता.

आतां आम्हां शिकलेल्यांचें काय झालें? ह्या संबंधांत रोह्याच्या सर्वांत कीर्तिमान पुत्राचें उदाहरण घेतां येईल. चिंतामणराव देशमुख १८९६ सालीं महाडजवळ नाते येथें जन्मले. वडील रोह्यास वकिली करीत, त्यामुळें बालपण रोह्यास गेलें. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनीं मिळविली. त्यानंतर केंब्रिजला गेले, आणि तेथें १९१७ सालीं वनस्पतिशास्त्राचें फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविलें. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि पुढें अर्थमंत्री म्हणून सारें जग त्यांस ओळखतें. पण वनस्पतिशास्त्रांत केंब्रिजचें पारितोषिक मिळविणारा मुलगा रोह्याच्या गल्लींतून गेला होता, हें रोह्यांतही थोड्यांनाच ठाऊक आहे. त्या काळच्या हुशार मुलानें आय. सी. एस. व्हावयाचें, हें ठरलेलेंच होतें. त्याबद्दल कोणी दोष देऊं नये. मात्र ह्याच देशमुखांनीं 'मेघदूता'चें मराठी भाषांतर केलें, ही गोष्ट माझ्या विषयाला फार जवळची आहे.

कारण मेघदूताच्या आरंभींच यक्ष मेघाला अर्घ्य देतो तें ताज्या कुटजफुलांचें. आम्ही शाळेंत आणि कॉलेजांत हा श्लोक घोकला. 'कुटज' ह्या शब्दाखालीं टीपेंत अर्थ दिलेला असे, 'एक प्रकारचें फूल'. मींही वर्गांत कित्येक वर्षें हाच अर्थ सांगत आलों, आणि विद्यार्थ्यांनीं तो उतरून घेतला. कुटज म्हणजे कुडा, आमच्या घरामागच्या टेकडीवर ज्याच्या पांढऱ्या फुलांचे घोस पावसाच्या तोंडावर येतात तो. ज्याच्या शेंगांची भाजी आमची आजी करी, आणि ज्याची कडू साल आमांशावर देतात, हें मला चाळिशीनंतर कळलें. कुटजारिष्टाची बाटली घरच्या कपाटांत, कुटजाचा श्लोक तोंडांत, कुड्याचें झाड परसामागें. आणि तिन्हींची एकमेकांशीं गांठ पडलेली नाहीं. आषाढाच्या पहिल्या मेघाला कुड्याचींच फुलें कां, तर त्या वेळीं डोंगरावर फुललेलीं तींच असतात. कालिदासाला तें पाहून ठाऊक होतें. ज्या पिढीनें संस्कृत शब्द राखला तिनें झाड सोडलें, आणि जिनें झाड राखलें तिला श्लोक वाचूं दिला नाहीं. रानाच्या कायद्याचा दोष परक्यांकडे लावतां येईल; हा दोष मात्र सर्वस्वीं आमचा आहे.

नांवांच्या बाबतींत शास्त्रज्ञांचीही मोठी मौज झाली आहे. बाभूळ आणि खैर हीं दोन्ही शतकानुशतकें 'अकेशिया' कुळांत मोडत. पुढें ह्या कुळाचे तुकडे पाडणें भाग पडलें, आणि मूळ नांव कोणी ठेवावें ह्यावर जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांत मोठा वाद माजला. शेवटीं २०११ सालीं मेलबर्न येथील परिषदेंत तें नांव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे राहील, ह्यावर शिक्कामोर्तब झालें. आमचा खैर आतां 'सेनेगालिया' झाला. गंमत अशी कीं, त्याच ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या लागवडी सामाजिक वनीकरणाच्या नांवाखालीं कोंकणांत ठिकठिकाणीं झालेल्या आहेत. तेव्हां झाडानें जागा घेतली आणि नांवही घेतलें. शेजारीं मध्य अमेरिकेंतून आणलेलें ग्लिरिसिडिया. त्याला आमच्याकडे उंदीरमारी म्हणतात. त्याचा गुलाबी बहर पाहून पाहुणे मंडळी कोंकणचें सौंदर्य म्हणून वाखाणतात. परदेशीं झाडाशीं माझें वैर नाहीं. मिरचीविषयीं मीं वर लिहिलेंच आहे. पण मिरचीला स्वयंपाकघरानें पारखून घेतलें. अकेशियाला कोणीं पारखलें, त्याखालीं शेवळ उगवतें कीं नाहीं हें कोणीं पाहिलें, ह्याचें उत्तर मला मिळालेलें नाहीं.

२००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. रानावर पिढ्यान् पिढ्या अवलंबून असलेल्यांचा तेथील जमिनीवर व वनोपजावर हक्क त्यानें मान्य केला. पूर्वीं त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, हें त्या कायद्याच्या प्रास्ताविकांतच नमूद आहे. कागदावर हें मोठेंच काम झालें. पण हक्क सिद्ध करण्यास पुरावे लागतात, आणि वर्षाचे अर्धे महिने वीटभट्टीवर असलेल्या माणसाजवळ पुराव्याचा कागद कोठून यावा? झाडें ओळखणें हा पुरावा धरला असता तर वाड्यांवरच्या बहुतेकांचे दावे पहिल्याच दिवशीं मंजूर झाले असते.

काकडाचें झाड मीं पुढें पाहिलें. त्याच बाईनें दाखविलें. गांवाबाहेर कोलाडच्या रस्त्याला, जेथें लहानपणीं आम्ही मोटारीची वाट पाहत उभे राहत असूं, तेथेंच तें होतें; शास्त्रीय नांव 'गरुगा पिनाटा'. ह्यांतला 'गरुगा' हा शब्दही लॅटिन नव्हे, तेलुगु आहे. रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें तो कोरोमांडल किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडून उचलला. म्हणजे तेथेंही कोणी तरी टोपलीवाली असलीच पाहिजे.

त्यानंतर तीन पावसाळे मीं एक वही ठेवली आहे. ती बाई नांव सांगते, झाड किंवा वेल दाखविते, मी लिहितों आणि घरीं येऊन कुकच्या 'फ्लोरा'शीं ताडून पाहतों. आजवर ८३ नांवें झालीं. त्यांतलीं १७ मला कोणत्याही पुस्तकांत बसवितां आलेलीं नाहींत. चूक बहुधा माझ्या डोळ्यांची असावी. तिच्या मुलीला ह्यांतलीं किती येतात, म्हणून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "भाजीचीं येतात. औषधाचीं नाय. ती भट्टीवर जाते ना आमच्यासंगं, शिकेल कधीं?"

यंदा मीं तिला ऱ्हीडची आणि त्या तीन पंडितांची हकीकत सांगितली, आणि ही वही छापली तर तिच्यावर तुझें नांव घालूं काय, असें विचारलें. ती थोडी लाजली. मग म्हणाली, "माझं कशाला? वाडीवरचीं समदींच वळखतात. वाडीचं घाला." आणि टोपलीकडे बोट करून, "घेताय का हीं? सांजच्याला सुकतील."

मीं दोन जुड्या घेतल्या. काकडें तिनें वरून घातलीं.